चंबूला कोणती पावडर?

हौसेला मोल नसतं असं आपल्याकडे म्हणतात. अमेरिकेत हौसेला मोल असतं, पावती असते आणि मुख्य म्हणजे गॅरेज लागतं. टेक्सासात तर गाडी बाहेर उन्हात आणि हौस आत सावलीत, अशीच रीत आहे. कुणाच्या गॅरेजात घरगुती बिअर मुरत असते, कुणाच्या गॅरेजात सासऱ्यांच्या वेळची मोटरसायकल वर्षानुवर्षं ‘आता झालीच’ या अवस्थेत उभी असते. आमच्या अण्णांच्या गॅरेजात काडतुसं भरली जातात.

अण्णा मूळचे साताऱ्याचे. ह्यूस्टनमध्ये तेलाच्या पाइपांनी किती दाब सोसावा याची गणितं करण्यात त्यांची उभी नोकरी गेली. त्यामुळे दाब या विषयात आपला हात धरणारा कुणी नाही, असं त्यांचं नम्र मत आहे. निवृत्त झाल्यावर भाजीपाला लावा, मंडळाच्या नाटकात काम करा, असं वहिनींनी सुचवून पाहिलं. अण्णांनी पिस्तूल घेतलं. तेही चारचौघांसारखं नऊ मिलिमीटरचं नाही. त्याची काडतुसं इथे कुठल्याही बंदुकीच्या दुकानात ढिगानं मिळतात, मग त्यात मजा काय? अण्णांनी 357 सिग घेतलं. टेक्सासच्या राज्य पोलिसांनी 1990 च्या दशकात तेच घेतलं होतं, हे कारण. पोलिसांनी पुढे यथावकाश ते सोडलं आणि नऊ मिलिमीटर धरलं. पोलिसांचं काय, त्यांना वरून हुकूम येतो. अण्णांना वरून येणारे हुकूम फक्त स्वयंपाकघरातून येतात आणि तिथे या विषयाची माहिती कमी आहे.

हे काडतूस 1994 साली सिग सावर आणि फेडरल या दोन कंपन्यांनी मिळून काढलं. पिस्तुलाचं काडतूस म्हणजे एरवी सरळ नळकांडं. गळा असतो तो रायफलच्या काडतुसाला. हे मात्र घाटानं थेट चंबू आहे. खाली पोट, मग खांदा, मग आखूड गळा आणि गळ्यात बसवलेली गोळी. पोट घेतलं 40 एस अँड डब्ल्यू या काडतुसाच्या धर्तीवर, गोळी घेतली नऊ मिलिमीटरची आणि नाव घेतलं 357 मॅग्नमवरून. मॅग्नम हे रिव्हॉल्व्हरचं काडतूस, अमेरिकी पोलिसांचं जुनं प्रेम. 125 ग्रेन वजनाची गोळी सेकंदाला 1,350 फुटांच्या वेगानं सोडायची, पण रिव्हॉल्व्हरमधून नव्हे, पिस्तुलातून, असा नव्या काडतुसाचा वायदा होता. म्हणून पोट मोठं ठेवायचं आणि तोंड लहान. अण्णांच्या गॅरेजात त्याला चंबू याच नावानं ओळखतात. मीही तेच वापरतो, कारण ‘थ्री-फिफ्टी-सेव्हन सिग’ म्हणेपर्यंत अण्णांचं पुढचं वाक्य सुरू झालेलं असतं.

चंबूचा खोका दुकानात महाग पडतो. मग उपाय एकच, घरी भरायचा. वाजलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी उचलून आणायची, धुवायची, साच्यात दाबून मूळ मापावर आणायची, बुडात ठिणगी देणारा नवा प्रायमर बसवायचा, पोटात पावडर घालायची आणि तोंडात गोळी दाबायची. अमेरिकेत स्वतःच्या वापरापुरतं हे करायला परवाना लागत नाही. आपल्याकडे परवान्यावर काडतुसांची मर्यादासुद्धा लिहून दिलेली असते, हे अण्णा इथल्या मित्रांना सांगतात. मित्र फार हळहळतात आणि त्या दुःखात आणखी शंभर भरायला घेतात. यात पैसे वाचतात, हे बायकोला सांगायचं कारण. खरं कारण असं की पैसे तेवढेच जातात, बार जास्त निघतात.

पुंगळी ठरलेली, प्रायमर ठरलेला, गोळीही बरीचशी ठरलेली. अडतं ते पावडरीपाशी. बिनधुराची पावडर 1884 मध्ये पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनतज्ज्ञानं केली. त्याआधी लढाईत चार बार झाले की धुरानं आपला कोण आणि परका कोण हे दिसेनासं व्हायचं. आता धूर गेला आणि त्याची जागा मतांनी घेतली. बाजारात शंभरावर पावडरी आहेत. त्यांचा एक तक्ता असतो, सगळ्यात चपळ वर, सगळ्यात मंद तळाला. अण्णांनी तो छापून फ्रिजवर लावला. लोकांच्या फ्रिजवर नातवंडांची चित्रं असतात. या तक्त्यात क्रम कळतो, अंतर कळत नाही. एकविसावी आणि बाविसावी यांच्यात केसाचं अंतर असेल किंवा कोसाचं. शिवाय दोन कंपन्यांचे दोन तक्ते शेजारी लावले, तर एकातली एकविसावी दुसऱ्यात सव्विसावी निघते. अण्णांनी दोन्ही लावले आहेत. वहिनींना दुधाचा हिशेब लिहायला आता जागा नाही.

पिस्तुलाची नळी जेमतेम चार इंच. तेवढ्या वाटेत पावडर जळून तिचा वायू व्हायचा आणि त्या वायूनं गोळी ढकलायची. पावडर फार चपळ असेल तर गोळी जागची हलायच्या आत सगळा दाब एकदम येतो आणि पुढे ढकलायला काही उरत नाही. फार मंद असेल तर गोळी बाहेर पडली तरी पावडर आपली जळतेच आहे, नळीच्या बाहेर, हवेत. उजेड भरपूर, काम शून्य. सरळ नळकांड्यात हा प्रश्न सोपा असतो. चंबूत पोट मोठं आणि भोक लहान, म्हणजे हळूहळू जळणाऱ्या पावडरीला जागा आहे आणि ती मागून सतत रेटा देऊ शकते. तेव्हा मध्यम मंद पावडर हवी, इतकं कळायला अण्णांना फार वेळ लागला नाही. दाबाच्या क्षेत्रातले ना ते. पण ‘मध्यम मंद’ म्हणजे नेमकी कोणती हे विचारायला ते लोकांकडे गेले, आणि तिथून पुढे विज्ञान संपलं.

पहिले भेटले बुल्सआयवाले. बुल्सआय ही पावडर 1898 सालची, अजून विकली जाते. अतिशय चपळ आणि इतकी कमी लागते की एक डबा वर्षभर पुरावा. तिचे भक्त बहुधा काटकसरी असतात, जुन्या पाकिटांच्या पाठीवर हिशेब करणारे. “चंबूला चालेल का हो?” म्हटलं की ते म्हणतात, “माझ्या बापानं सगळ्याला हीच घातली.” चंबूला ती चालवायची म्हटली तर मोठ्या पोटाच्या तळाशी चिमूटभर पावडर दिसते, आणि खांद्याखालच्या अंधारात धड दिसतही नाही. काडतुसं भरायच्या यंत्राचा दांडा चुकून दोनदा ओढला गेला तर दुप्पट पावडर त्याच पोटात निमूट मावते. वरून दिसायला काहीच फरक नाही. फरक कळतो तो चाप ओढल्यावर, आणि तेव्हा हात पिस्तुलालाच असतो.

दुसरा पंथ युनिकचा. ही 1900 च्या सुमाराची. सगळ्या काडतुसांत चालते, कशातच पहिली येत नाही. तिचे उपासक स्वभावानं सौम्य, वाद टाळणारे, लग्नाच्या पंगतीत जे पानात पडेल ते जेवणारे. “थोडा धूर होतो, थोडी काजळी राहते,” एवढंच ते म्हणतात आणि रुमालानं हात पुसतात.

मग ते दोघे शेजारी, ज्यांच्यात विन्चेस्टर 231 चांगली की हॉजडनची एचपी-38, यावरून बोलणं बंद आहे. एकाचं म्हणणं, दुसरीनं निशाणा फाकतो. दुसऱ्याचं म्हणणं, पहिलीनं नळी खराब होते. वस्तुस्थिती अशी की दोन्ही डब्यांत पावडर एकच आहे. एकाच कारखान्यात होते, लेबलं दोन लागतात. एच-110 आणि विन्चेस्टर 296 यांचंही तेच. अण्णांनी हे दोघांना कागदपत्रांसह दाखवलं. त्यामुळे आता ते दोघे एकमेकांशी बोलतात, पण अण्णांशी बोलत नाहीत.

फिनलंडच्या व्हिथ्टावुओरीचे चाहते मोजके आणि टापटिपीचे. पावडर महाग, स्वच्छ जळणारी, नाव उच्चारताना जीभ अडखळते आणि ती अडखळू न देणं हीच त्यांची प्रतिष्ठा. त्यांच्याकडे नावं नसतात, नंबर असतात: एन-340, 3एन37, 3एन38. चंबूला 3एन38 उत्तम, असं त्यांनी सांगितलं ते खरं होतं. डब्याची किंमत सांगितली तीही खरी होती. अण्णांनी “बघतो” म्हटलं. सातारी माणूस ‘बघतो’ म्हणाला की विषय संपला.

पॉवर पिस्टलवाले मात्र मनमोकळे. या पावडरीनं वेग चांगला मिळतो आणि नळीच्या तोंडाशी असा जाळ येतो की बंदिस्त रेंजवर शेजारच्या लेनमधले लोक वळून बघतात. तिच्या भक्तांना तेच हवं असतं. निशाण कुठे लागलं याची चौकशी ते नंतर करतात.

अण्णांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि घरी येऊन पुस्तकं उघडली. लायमनचं, हॉर्नडीचं, स्पीरचं. प्रत्येक पुस्तकात पावडरींची यादी, सुरुवातीचं वजन आणि कमाल वजन. एकाच पावडरीचं कमाल वजन तीन पुस्तकांत तीन प्रकारचं. अण्णांमधला इंजिनियर खवळला. मी म्हटलं, “अण्णा, तिघांच्या नळ्या वेगळ्या, गोळ्या वेगळ्या, पुंगळ्या वेगळ्या, प्रायमर वेगळे. आकडे तरी सारखे कसे येणार?” अण्णा म्हणाले, “मग प्रमाण कसलं हे?” प्रमाण आहे, पण ते सावधगिरीचं. सगळी पुस्तकं एका गोष्टीवर एकमत आहेत: खालून सुरुवात करा, हळूहळू वर चढा आणि कमाल म्हणजे कमाल. आणि हे सांगून झालं की पुढच्याच पानावर तळटीप भेटते, की एच-110 आणि 296 या पावडरी छापलेल्या वजनापेक्षा 3 टक्क्यांहून जास्त कमी करू नका, त्या नीट पेटत नाहीत. म्हणजे कमी करा असंही पुस्तकच सांगणार आणि कमी करू नका असंही. आपल्या पंचांगाची सवय असलेल्या माणसाला यात नवल वाटायला नको होतं.

चंबूचा कमाल दाब चौरस इंचाला 40,000 पौंड ठरवलेला आहे. नऊ मिलिमीटरचा साधा असतो तेव्हा 35,000. हे आकडे अण्णांनी मला अनेकदा सांगितले आहेत. त्यांच्या पाइपांच्या मानानं हे बरंच जास्त आहे, हे कबूल करताना त्यांचा चेहरा जरा उतरतो.

या काडतुसाचं घराणं जुनं आहे, आणि अण्णांना घराणी फार आवडतात. पिस्तुलाला गळ्याचं काडतूस पहिल्यांदा बोर्खार्टनं 1893 मध्ये दिलं. तेच जरा जोरकस करून माउझरनं 1896 च्या पिस्तुलात घातलं. लुगरनं ते आखूड केलं, आणि पुढे गळाच उघडून टाकून त्यातून नऊ मिलिमीटर काढलं, जे आज जगभर चालतं. म्हणजे आधी गळा काढला आणि नव्वदएक वर्षांनी 357 सिगवाल्यांनी नऊ मिलिमीटरच्या गोळीसाठी तो पुन्हा आवळला. रशियानं माउझरच्याच घाटावर टोकारेव्हचं काडतूस केलं. आणि या घराण्याचा मुंबईशी एक संबंध आहे, तो अण्णा गणपतीच्या आरतीनंतरच्या गप्पांतही काढतात. 1896 साली विन्स्टन चर्चिल लष्करी अधिकारी म्हणून हिंदुस्थानात आला. ससून डॉकच्या पायऱ्यांपाशी बोटीतून उतरताना लाट आली, त्यानं भिंतीतल्या कडीला धरलं, बोट खाली गेली आणि उजवा खांदा निखळला. तो खांदा पुढे आयुष्यभर दगा देत राहिला. 1898 मध्ये सुदानात ओम्दुर्मानला घोडदळाचा हल्ला झाला, तेव्हा या खांद्याचा भरवसा नाही म्हणून त्यानं तलवार म्यानात ठेवून माउझर पिस्तूल हाती घेतलं. अण्णांचं म्हणणं, चर्चिल वाचला तो ससून डॉकमुळे. यावर मंडळाच्या अध्यक्षांनी एकदा “मग ती पायरी आधीच दुरुस्त करायला हवी होती,” असं म्हटलं, तेव्हा प्रसादाची वाटी खाली ठेवून बरेच जण हसले.

घराणं राहू द्या. चंबूची खरी दुखरी जागा त्याचा गळा आहे, आणि पावडरीचा निर्णय तिथेच होतो, हे मला गॅरेजातल्या स्टुलावर बसून कळलं. गळा इतका आखूड की गोळीला धड पकडच मिळत नाही. नऊ मिलिमीटरच्या बऱ्याच गोळ्यांचं नाक लवकर गोल व्हायला लागतं. ती गोळी योग्य लांबीला बसवली तर पुंगळीची कड तिच्या सरळ अंगावर न येता उतारावर येते. म्हणून बसक्या नाकाची, सपाट टोकाची गोळी शोधावी लागते. आता पिस्तुलाची स्लाइड पुढे जाते तेव्हा काडतूस नळीपाशी असलेल्या उतारावर आपटून वर चढतं. गोळी गळ्यात सैल असेल तर त्या धक्क्यानं ती आत सरकते. आतली जागा कमी झाली की दाब चढतो, आणि 40,000 वर मुळात फारशी गंमत नसते. अण्णा प्रत्येक खेपेला भरलेलं पहिलं काडतूस कॅलिपरमध्ये मोजतात, मग टेबलाच्या कडेवर नाक टेकवून अंगठ्यानं जोरात दाबतात आणि पुन्हा मोजतात. लांबी तीच आली तर समाधान. कमी आली तर ते काडतूस वेगळ्या डब्यात जातं आणि अण्णा थोडा वेळ कुणाशी बोलत नाहीत.

इथे मंद पावडरीचा दुसरा गुण समोर येतो. ती वजनाला जास्त लागते, म्हणून पोट जवळजवळ गळ्यापर्यंत भरतं. गोळीला मागून पावडरीचाच टेकू मिळतो, सरकायला जागा उरत नाही. शिवाय दांडा चुकून दोनदा ओढला तर पावडर ओसंडून टेबलावर येते, ट्रेमध्ये पसरते, माणूस शिवी देतो आणि वाचतो. या दोन कारणांसाठी चंबूवाले अॅक्युरेटची 9 नंबर, ब्लू डॉट, लाँगशॉट यांच्याभोवती घोटाळतात. त्यातल्या त्यात ब्लू डॉटची चकती मोठी. या पावडरीत ओळखीसाठी निळ्या रंगाचे कण मिसळलेले असतात, रेड डॉटमध्ये लाल, ग्रीन डॉटमध्ये हिरवे. दिसायला देखणी. पण चंबूच्या अरुंद तोंडातून त्या चकत्या ओतायला गेलं की फनेलमध्ये एकमेकींना धरून कमान करून बसतात. अण्णा बोटानं टिचकी मारतात. काही पडतात, काही पुढच्या पुंगळीसाठी थांबतात. म्हणजे एका काडतुसात अर्धी आणि पुढच्यात दीड, हा धोका. बारीक दाण्याची 9 नंबर मात्र सरसर वाहते. यंत्राचा दांडा वर गेला, खाली आला, प्रत्येक पुंगळीत तेवढीच.

अण्णांची पहिली वजनं बघणं हा एक सोहळा असतो. ऑगस्टमधलं ह्यूस्टन, संध्याकाळचे सात, बाहेर अजून पस्तीसच्या वर आणि दमट. तराजू ग्रेनचा दहावा भाग दाखवतो, त्यामुळे पंख्याचा वारा लागला की आकडा नाचतो. म्हणून पंखा बंद. गॅरेजचं दार बंद, कारण रस्त्यावरून ट्रक गेला तरी आकडा नाचतो. दोघांनी बोलायचं नाही, निदान तराजूच्या दिशेनं नाही. पितळी ताटलीत अण्णा आधी थोडी कमी पावडर घालतात, मग एक छोटी आडवी नळी बोटांनी फिरवतात आणि तिच्या तोंडातून एक एक दाणा ताटलीत पडतो. आकडा हलतो, थांबतो. एक दाणा जास्त झाला. अण्णा चिमटा घेतात. त्यांच्या कपाळावरून घामाचा थेंब ओघळून नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबलेला असतो, आणि मला त्या क्षणी चंबूपेक्षा त्या थेंबाचीच काळजी वाटते. तो पडला तर ताटलीत पडणार.

ग्रेनचं वजन साहेबाकडून आलं असलं तरी आपल्याला अगदीच परकं नाही. ब्रिटिशांनी तोळा बांधला तो 180 ग्रेनांवर, आणि रुपयाचं वजनही तेवढंच ठेवलं. बारा मासे म्हणजे तोळा, तेव्हा एक मासा 15 ग्रेनांचा. आठ गुंजांचा मासा, म्हणून गुंज दोन ग्रेनांच्या किंचित आत. अण्णांची 125 ग्रेनची गोळी सोनाराच्या हिशेबात आठ मासे आणि वर थोडी. हे कळल्यापासून वहिनी गोळ्यांच्या खोक्याकडे जरा वेगळ्या नजरेनं बघतात. “एवढे मासे माझ्या गळ्यात असते,” एवढंच त्या म्हणाल्या. पौंडात 7,000 ग्रेन बसतात. हिशेबाला सोपं म्हणून एका काडतुसाला 10 ग्रेन धरले तर पौंडाच्या डब्यात 700 काडतुसं होतात. हा आकडा गणिताचा, भरायचा नव्हे. भरायचा आकडा पुस्तकात असतो आणि तो मी कुणाला तोंडी सांगणार नाही, अण्णांनी सांगितला तरी.

एवढा अभ्यास झाल्यावर अण्णांनी जाहीर केलं: अॅक्युरेट 9. आम्ही दुकानात गेलो. दुकान मोठं, पावडरीची मांडणी भिंतभर. त्या भिंतीवर त्या दिवशी चार प्रकार होते. त्यातली एक शॉटगनची, एक मोठ्या रायफलची, एक ट्रेल बॉस, जिचे दाणे मधोमध भोक असलेल्या चकत्या असतात आणि जी जुन्या काउबॉय काडतुसांसाठी, मुद्दाम जागा अडवायलाच केलेली आहे. चौथी लाँगशॉट. दुकानातल्या म्हाताऱ्याला अण्णांनी 9 नंबरबद्दल विचारलं. म्हातारा म्हणाला, “गेल्या आठवड्यात होती.” या धंद्यात सगळं नेहमी गेल्या आठवड्यात असतं. 2020 नंतरच्या टंचाईत तर लोक काय लागतं ते बघत नसत, जे दिसेल ते उचलत आणि घरी जाऊन ते कशाला चालतं ते शोधत. माझ्या मते आजही बहुतेकांची निवड अशीच होते. अभ्यास कोणता करायचा ते माणूस ठरवतो, पावडर कोणती घ्यायची ते फळी ठरवते. अण्णांनी लाँगशॉट घेतली आणि गाडीत बसल्यावर मला ती 9 नंबरपेक्षा कशी सरस आहे हे समजावून सांगितलं. मधल्या सिग्नलपर्यंत त्यांचं स्वतःचंही मत वळलं होतं.

चंबू वाजला. चांगला वाजला. पुस्तकातल्या खालच्या आकड्यापासून सुरुवात, वेग मोजणारा क्रोनोग्राफ समोर, वहीत नोंदी. वेग वायद्याच्या जवळ आला, पुंगळ्या नीट बाहेर पडल्या, प्रायमर चपटे झाले नाहीत. वही बघून अण्णा म्हणाले, “आता 9 नंबर मिळाली की तुलना करता येईल.” मी काही बोललो नाही. एका पावडरीनं भागणारा माणूस या नादाला मुळात लागतच नाही.

9 नंबर मिळाली, पण कुरिअरनं. पावडर मागवली की तिच्यावर धोकादायक मालाचा वेगळा आकार लागतो, मग तो एका पौंडाला लागला काय आणि आठ पौंडांना लागला काय, सारखाच. अण्णांनी तो वसूल केला. आठ पौंडांचा एक, चार पौंडांचा एक, आणि आलेच आहेत तर दोन सुटे. हॉजडनच्या पावडरीच्या धंद्याची सुरुवातच अशा घाऊक मोहातून झाली आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅन्ससच्या ब्रूस हॉजडननं सरकारकडची उरलेली पावडर टनांनी विकत घेतली. ठेवायला जागा नव्हती म्हणून रेल्वेचा जुना डबा कुरणात आणून त्यात ठेवली, आणि त्यासाठी स्वतःच्या आयुर्विम्यावर कर्ज काढलं होतं. पुढे त्यातून मोठी कंपनी झाली. ही गोष्ट अण्णांनी वहिनींना उत्साहानं सांगितली. तेव्हापासून विम्याचे कागद वहिनींच्या कपाटात आहेत आणि किल्ली त्यांच्या पर्समध्ये.

कपाटाचाच मुद्दा पुढे मोठा झाला. पावडर थंड आणि कोरड्या जागी ठेवायची असते. ह्यूस्टनचं गॅरेज उन्हाळ्यात यातलं काहीच नसतं. घरात थंड, कोरडी आणि अंधारी जागा एकच, जिन्याखालची कोठी, जिथे वहिनींचे पापड, कुरडया आणि मुलीनं कोल्हापूरहून आणलेला मसाला असतो. अण्णांनी तहाचा प्रस्ताव नेला. वहिनींनी तो सरळ फेटाळला नाही. त्यांनी नियम वाचायला मागितले. आगीपासून संरक्षणाच्या अमेरिकी नियमांत घरात 20 पौंडांपर्यंत पावडर मूळ डब्यांतच ठेवायची असते, आणि त्याच्या वर 50 पौंडांपर्यंत न्यायची तर निदान एक इंच जाडीच्या लाकडाची पेटी हवी. वहिनींनी डबे काढून मांडले आणि पेन्सिलीनं बेरीज केली. नव्या-जुन्या मिळून ती विसाच्या पुढे गेली होती, हे अण्णांनाही तेव्हाच कळलं.

“पेटी करायची म्हणताय, तर करा,” वहिनी म्हणाल्या. “पण लाकूड आणताय तर आधी देवघर करा. हे घर घेतल्यापासून सांगतेय, देव अजून बुटांच्या खोक्यावर आहेत.”

हल्ली अण्णांच्या गॅरेजात दाबयंत्रावर कापड घातलेलं आहे आणि देवघराचं काम चालू आहे. लाकूड एक इंच जाडीचं आहे. देवघर दोन फूट उंचीचं ठरलंय आणि फळ्या आल्यात त्याच्या तिप्पट. वहिनींनी त्या अजून मोजलेल्या नाहीत.